किण्व आणि कर्तव्य

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी अनारशांचा तांदूळ भिजत पडतो. तीन दिवस तो पाण्यात असतो. पाणी रोज बदलायचे. तरीही तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक आंबूस वास दरवळू लागतो. दिल्लीत येऊन मला सव्वीस वर्षे झाली. या अवधीत सरकारी वसाहती बदलल्या, घरांचे क्रमांक बदलले, शेजार बदलला. हा वास मात्र बदलला नाही. परंतु याच दिवसांत आता दुसरा एक वास त्याला येऊन मिळतो. खिडकी उघडावी तो बाहेरचा धूर घरात शिरतो. पंजाब-हरियाणात भाताची कापणी आटोपलेली असते आणि शेतात मागे राहिलेला पेंढा व धसकटे यांना काडी लावलेली असते. आत भांड्यात तांदूळ आंबतो आहे आणि बाहेर आकाशात त्याच रोपाचा पेंढा जळतो आहे. एकाच पिकाचे एक अंग आपण सणाला जपून ठेवतो आणि दुसरे अंग एकमेकांच्या छातीत भरतो, हा विचार माझ्या मनात दरवर्षी येतो. आणि दरवर्षी फराळाबरोबर तो विरूनही जातो.

गेल्या दिवाळीत मात्र तो विरला नाही. चार मंडळी फराळाला जमली होती. सगळी आपलीच, कोणी लेखापरीक्षणातले, कोणी रेल्वेतले, कोणी निवृत्त होऊन नोएडाला स्थायिक झालेले. हा धूर कोणाचे पाप, असा वाद निघाला. दिल्लीचा धूर केवळ शेतांतून येत नाही, मोटारी, कारखाने आणि बांधकामांची धूळ यांचाही त्यात मोठा वाटा आहे, हे सर्वांना मान्य होते. तरी बोलणे पेंढ्यापाशीच येऊन थांबले. एकाने शेतकऱ्याला दोष दिला. दुसऱ्याने त्याला २००९ च्या कायद्याची आठवण करून दिली. भूजल उपसून संपत चालले म्हणून पंजाब आणि हरियाणा या दोन्ही राज्यांनी त्या वर्षी कायदे केले आणि भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करायला शेतकऱ्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. पाणी वाचवण्यासाठी केलेल्या सद्हेतूच्या कायद्याने हवा बिघडवण्यास हातभार लावला! सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून हसू येत नाही. आपल्या हातून सुटलेल्या अशा एखाद्या कागदाची त्याला आठवण होते.

आमच्यात एक तरुण होता, माझा भाचा. दक्षिण दिल्लीतील एका प्रयोगशाळेत तो संशोधन करतो. एवढा वेळ चिवडा खात तो स्वस्थ ऐकत होता. अखेर म्हणाला, "मामा, तुम्ही मंडळी उगाच वाद घालता. अजून थोडी वर्षे थांबा. हे पाप यीस्टच्या पोटात जाईल."

सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य मनात रुतून बसले. पाप दुसऱ्याच्या पोटात घालता येते काय? आणि ज्याच्या पोटात ते घालायचे, त्या जीवाला पाप-पुण्य कशाशी खातात हेही ठाऊक नसेल, तर आपण त्यातून सुटलो असे म्हणता येईल काय? हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

यीस्टला आपल्या भाषेत किण्व म्हणतात. हा शब्द कोणा परिभाषा समितीने नव्याने घडवलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे, आणि आपणा नोकरदारांना मौज वाटेल अशा ठिकाणी आहे. राज्याच्या निरनिराळ्या खात्यांच्या अध्यक्षांची कामे जेथे सांगितली आहेत, तेथे सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद आणि तांदूळ यांपासून किण्व कसे तयार करावे याची कृती दिलेली आहे. म्हणजे किण्वाचा आणि सरकारी अंमलदाराचा संबंध दोन हजार वर्षांचा जुना आहे. त्याहून विलक्षण संबंध तत्त्वज्ञानाशी आहे. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकमताचा सारांश दिला, त्यात हा दृष्टांत येतो. पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही चारही तत्त्वे जड आहेत. मग चैतन्य आले कोठून? चार्वाकाचे उत्तर असे की, किण्वादी पदार्थांत सुटे सुटे पाहता मद दिसत नाही. ते एकत्र येऊन आंबले की मदशक्ती प्रकट होते. तसेच जड तत्त्वांच्या संयोगातून चैतन्य प्रकट होते. त्यासाठी निराळा आत्मा मानण्याचे कारण नाही.

या दृष्टांताला युरोपात १८९७ साली अनपेक्षित बळ मिळाले. त्यापूर्वी पाश्चरने सिद्ध केले होते की, किण्वन हे जिवंत पेशींचे कार्य आहे. त्यावरून पुष्कळांची अशी समजूत झाली की, त्या कार्याच्या मुळाशी एखादी खास जीवशक्ती असली पाहिजे. एदुआर्द बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने किण्व वाळूबरोबर खलून त्याच्या पेशी फोडल्या आणि दाबून रस काढला. हा रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तो काय! त्या रसाला बुडबुडे येऊ लागले. जिवंत पेशी एकही नव्हती, तरी साखरेचा मद्यार्क होत होता. पेशीतील विकरे हे काम करतात, आणि ती पेशीबाहेरही करतात, असा निष्कर्ष निघाला. बुखनरला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जीवनव्यापारांचे रसायनशास्त्र तेथून सुरू झाले असे मानतात. चार्वाक हयात असता तर त्याने या प्रयोगाचे वृत्त मोठ्या आनंदाने वाचले असते.

पुढील शतकात किण्व हा जीवशास्त्राचा धडा गिरवण्याची पाटीच झाला. १९९६ साली त्याच्या सोळा गुणसूत्रांवरील सुमारे एक कोटी वीस लाख अक्षरांचा संपूर्ण आनुवंशिक मजकूर वाचून झाला. केंद्रक असलेल्या पेशींच्या कुळात, म्हणजे ज्या कुळात आपणही मोडतो त्या कुळात, हे प्रथमच घडत होते. त्यात सुमारे सहा हजार जनुके आढळली. २०१५ साली अमेरिकेत टेक्सासमधील संशोधकांनी एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्यावाचून किण्व जगूच शकत नाही अशी ४१४ जनुके त्यांनी निवडली आणि एकेका जनुकाच्या जागी माणसाचे तत्सम जनुक बसवून पाहिले. जवळजवळ निम्म्या वेळा किण्व जगले. आपल्या आणि किण्वाच्या पूर्वजांची ताटातूट होऊन सुमारे शंभर कोटी वर्षे लोटली. तरी पेशीचा संसार चालवण्याची भांडीकुंडी अद्याप एकमेकांच्या घरी चालतात.

हे नाते लक्षात ठेवून किण्वाची एक सवय पाहू. त्याच्यापुढे दोन साखरा ठेवा: एक ग्लुकोज, दुसरी गॅलॅक्टोज. गॅलॅक्टोज पचवण्याची सर्व सामग्री त्याच्या जनुकांत लिहिलेली आहे. परंतु ग्लुकोजचा कण शिल्लक असेतो ती सामग्री ते बाहेर काढतच नाही. ग्लुकोज असताना एक प्रथिन त्या जनुकांवर पहारेकऱ्यासारखे बसून राहते. ग्लुकोज संपले की स्नफ-१ नावाचे दुसरे प्रथिन जागे होते आणि पहारेकऱ्याला उठवते. मग गॅलॅक्टोजची चाहूल घेणारे तिसरे प्रथिन आपले काम करते आणि जनुके बोलू लागतात. यात कित्येक तास जातात. किण्वातील या गॅलॅक्टोज-यंत्रणेवर मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक पी. जे. भट यांनी अनेक वर्षे संशोधन केले असून त्यांनी त्यावर स्वतंत्र ग्रंथही लिहिला आहे.

किण्वाची दुसरी सवय घाईची आहे. ग्लुकोज विपुल असले तर भोवती हवा असूनही ते त्याचे पूर्ण ज्वलन करीत नाही. भराभर मद्यार्क करून बाहेर टाकते. त्यात बहुतेक ऊर्जा वाया जाते; पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आधी साखर गिळता येते आणि त्यांना न सोसणारा मद्यार्क भोवती पसरतो. साखर संपल्यावर पोट भरायला तोच मद्यार्क पुन्हा उपयोगी पडतो. सोपे ते आधी, भरपूर ते भराभर, आणि कठीण ते अगदी नाइलाज झाल्यावर: किण्वाची नीती, नीती म्हणता येत असेल तर, एवढीच आहे.

ही नीती आपल्या रक्तातही आहे. किण्वात ग्लुकोजच्या टंचाईची वर्दी देणारे जे स्नफ-१ प्रथिन, त्याचेच भावंड माणसाच्या पेशीत आहे आणि तेथेही ते ऊर्जेच्या टंचाईची वर्दी देते. माझ्या पिढीतील पुष्कळ मित्र सकाळ-संध्याकाळ मेटफॉर्मिनची गोळी घेतात. ती याच प्रथिनाला जागे करते असे आढळले आहे, जरी तिच्या कार्याच्या अन्य वाटाही असल्या. एकूण, मधुमेही अंमलदार आणि भांड्यातले किण्व यांची या बाबतीत भाऊबंदकीच आहे.

आता पेंढ्याकडे वळू. पेंढाही मुळात साखरच आहे. मात्र ती लांब साखळ्यांत बांधून कडीकुलपात ठेवलेली. एका साखळीतून ग्लुकोज निघते. दुसरीतून, जिला हेमिसेल्युलोज म्हणतात, मुख्यतः झायलोज नावाची पाच कार्बनांची साखर निघते. बेकरीत आणि आसवनीत राबणारे किण्व झायलोजला तोंड लावत नाही. ते तेथे उपाशी मरेल. पण त्या साखरेवर वाढणार नाही. पेंढ्यातील साखरेचा एवढा मोठा हिस्सा असा वाया गेला तर पेंढ्याचे इंधन परवडावे कसे? म्हणून किण्वाला कठीण साखर खायला शिकवण्याचा उद्योग जगभर सुरू झाला. १९९० च्या दशकात दुसऱ्या एका किण्वाची जनुके त्यात घातली. काम झाले, पण अर्धवट. २००३ साली नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या संशोधकांनी दुसरा मार्ग दाखवला. त्यांनी वापरलेले जनुक एका बुरशीचे होते आणि ती बुरशी मिळाली होती भारतीय हत्तीच्या लिदीतून! हत्ती गवत खातो, ते पचवण्यासाठी त्याच्या आतड्यात ही बुरशी नांदते. तिचे जनुक किण्वात गेले आणि किण्वाच्या वाटेतील एक मोठी धोंड दूर झाली. नुसते जनुक देऊन भागले नाही. त्या किण्वाला पिढ्यान् पिढ्या झायलोजवरच वाढवावे लागले. जे त्यावर बरे वाढले ते उरले, बाकीचे मागे पडले. तरीही जुनी खोड गेली नाही. ग्लुकोज समोर येताच ते झायलोज बाजूला सारी, कारण पेशीत शिरण्याचा दरवाजा दोघांना एकच आणि त्या दरवाजावर ग्लुकोजचा मान पहिला. २०१४ साली फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी तो दरवाजाच बदलून दाखवला.

दिल्लीतही हे काम चालते. अरुणा असफअली मार्गावरील आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्रात पेंढा फोडणारी विकरे आणि इंधनासाठी उपयोगी किण्व यांवर संशोधक खपत आहेत. आणि दिल्लीहून सुमारे नव्वद किलोमीटरांवर, पानिपतला, इंडियन ऑइलचा पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना उभा आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. नऊशे कोटींहून अधिक रुपये खर्चून उभारलेल्या या कारखान्याने वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावे अशी योजना आहे. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचे आहे.

पानिपत हे नाव मराठी माणसाला सरळ उच्चारता येत नाही. दिल्लीत बदलून आलेला प्रत्येक जण एकदा तरी काला आंबला जाऊन येतो. मीही गेलो आहे. तेथे उभे राहिले की लढाईचा आवेश मनात येत नाही. आठवते ती उपासमार. १७६० च्या अखेरीस रसद तुटली. माणसे आणि जनावरे अन्नावाचून खंगली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सैन्य बाहेर पडले ते भुकेने मरण्यापेक्षा लढून मरावे म्हणून. त्या भूमीवर आता टाकाऊ पेंढ्याचे इंधन होते, आणि ते पुण्याच्या विद्येने होते, हे वाचून मला प्रथम अभिमान वाटला. भाच्याचे म्हणणे खरे होणार, असेही वाटले.

परंतु मग मी आकडे मांडून पाहिले. एकट्या पंजाबात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन भाताचा पेंढा निघतो. पानिपतची भूक दोन लाखांची. २०२४ मध्ये पंजाबातील आगी आधीच्या वर्षापेक्षा पुष्कळ घटल्याची नोंद झाली, ही समाधानाची गोष्ट. पण त्याचे श्रेय किण्वाला देता येणार नाही. दुसरा हिशेब अधिक बोलका आहे. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात देशात पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी सातशे कोटी लिटरांहून अधिक इथेनॉल लागले. पानिपतचा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरी त्याचे तीन कोटी लिटर म्हणजे यात अर्ध्या टक्क्याहून कमी. मग उरलेले आले कोठून? ऊस, मका आणि तांदूळ यांतून. त्या वर्षी निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्याचे होते. वीस टक्के मिश्रणाचे जे उद्दिष्ट पूर्वी २०३० साठी होते, ते अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले. घाई होती, आणि सोपी साखर हाताशी होती. पेंढ्यातील कठीण साखरेकडे आपण वळलो नाही.

आपल्या राष्ट्रीय व्यवहाराची ही रीत हुबेहूब किण्वाची आहे, हे ध्यानात आले तेव्हा मी काहीसा दचकलो. आपण प्रयोगशाळेत बसून किण्वाला शिकवतो आहोत की बाबा रे, ग्लुकोज समोर असतानाही झायलोज खा. आणि शिकवणारे आपण स्वतः ग्लुकोजच्या भांड्यात बुडालेलो आहोत.

या धोरणाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. इथेनॉलमुळे खनिज तेलाची आयात काही अंशी कमी होते, साखर कारखान्यांच्या हाती पैसा खेळतो आणि उसाची थकलेली देणी शेतकऱ्याला मिळण्यास मदत होते. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला याचे मोल सांगावे लागत नाही. मळीपासून मद्यार्क करणे हा तर एका अर्थी उष्ट्याचाच सदुपयोग. पण थेट उसाचा रस आणि माणसाच्या तोंडचा तांदूळ यांची गोष्ट तशी नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात साखरेपासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते असा हिशेब आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण दिल्लीत बसून वर्तमानपत्रात वाचले होते. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता. सोपी साखर सोपी असते ती खाणाऱ्याला. तिचे कष्ट दुसऱ्या कोणाच्या विहिरीत साचलेले असतात.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कार्यालयात होतो तेथे एकाच आठवड्यात दोन प्रकरणे माझ्यासमोर आली. एक होते जादा धान्याच्या विनियोगाचे. कोष्टके तयार, गोदामे ठरलेली, घेणारे ठरलेले. दुसरे होते गावोगाव पेंढा गोळा करून साठवण्याच्या व्यवस्थेचे. त्यात सगळेच अवघड. गठ्ठे कोणी बांधायचे, ठेवायचे कोठे, पावसात भिजले तर जबाबदार कोण, भाव कोणी ठरवायचा, कशाचाच पत्ता नाही. पहिल्या प्रकरणावर मी दोन दिवसांत टिपण लिहून ते वर पाठवले. दुसऱ्यावर 'अधिक माहिती मागवावी' असा शेरा मारला. तो शेरा खोटा नव्हता. माहिती खरोखरच अपुरी होती. पण ती मागवण्यासाठी जे पत्र लिहायला हवे होते ते मी लिहिले नाही. फाइल कपाटात राहिली, आणि माझी बदली झाली. पुढे नोव्हेंबरात एका रात्री शेजारच्या लहान मुलाला धाप लागून इस्पितळात न्यावे लागले तेव्हा त्या फाइलीची नाडी, तिचा खाकी पुठ्ठा, सारे डोळ्यांपुढे आले. त्या एका फाइलीने दिल्लीचे आकाश निवळले असते असे नव्हे. पण मला त्या वेळी कोणी अडवले नव्हते, कोणी दडपण आणले नव्हते. माझ्या आतला पहारेकरीच त्या अवघड कागदावर बसून राहिला होता.

आता चार्वाकाकडे परत जाऊ. तो म्हणेल: "मग तुझ्यात आणि किण्वात फरक तो काय उरला? किण्वाच्या जनुकांवर प्रथिन बसले होते, तुझ्या कागदावर तुझी सवय बसली होती. दोन्ही जडाचेच खेळ. दोष कोणाचा आणि पाप कसले?" या प्रश्नाला मी आत्म्याचा आधार घेऊन उत्तर देणार नाही. क्षणभर त्याचे सर्व मान्य करू. चैतन्य हा जडाच्या संयोगातून आलेला मदच आहे, असे धरून चालू. तरी एक गोष्ट शिल्लक राहते. आपल्यात पहारेकरी बसला आहे हे किण्वाला ठाऊक नाही. मला ठाऊक झाले आहे. त्याला ग्लुकोज संपल्याचे कळते, पण संपण्यापूर्वी ते संपणार आहे हे कळत नाही. मला कळते. जो मद स्वतःला मद म्हणून ओळखतो तो, कोठूनही आलेला असो, निराळ्या जातीचा मद आहे; आणि कर्तव्य नावाची वस्तू जर कोठे असेल तर ती त्या ओळखीच्या क्षणी सुरू होते. जबाबदारीचा उगम कशात आहे यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. ती सुरू कोठे होते हे मला त्या कपाटापाशी समजले.

यातून भाच्याच्या वाक्याचेही उत्तर मिळते. पाप किण्वाच्या पोटात जाईल हे अंशतः खरे आहे. पेंढा जाईल, झायलोज जाईल, कदाचित उद्या धूरही बराच जाईल, आणि तसे झाले तर त्या तरुणांना आपण दंडवत घालावे. पण किण्वाला कठीण साखर खायला लावणारा कोणीतरी बाहेर होता. ग्लुकोज काढून घेणारा, पिढ्यान् पिढ्या वाट पाहणारा, अखेर दरवाजा बदलणारा. आपल्यासाठी असा बाहेरचा कोण आहे? ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास त्या हंगामापुरती मनाई केली आणि आठवड्याभरात ती काहीशी सैल केली. पाऊस कमी झाला होता आणि साखर पुरणार नाही अशी चिन्हे होती, म्हणून ती मनाई होती. त्याच वर्षी जुलैत अन्न महामंडळाचा तांदूळ आसवन्यांना देणे थांबले होते, तेही टंचाईच्या धास्तीनेच. कोठारे भरल्यावर दोन्ही वाटा पुन्हा खुल्या झाल्या. टंचाई आली की हात आवरणे हे शहाणपण खरे; पण ते किण्वालाही साधते. भांडे भरलेले असताना जो अवघड घासाकडे वळतो, त्यालाच माणूस म्हणून वेगळे काढता येईल. संयम या जुन्या शब्दाचा अर्थ मला या शास्त्राच्या वाचनाने नव्याने उलगडला, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

आपण जे दूरदेशी नोकरीसाठी आलो आहोत, त्यांच्या हातून देशाची धोरणे ठरत नाहीत. फार तर टिपणे लिहिली जातात. परंतु कोणते टिपण आज लिहायचे आणि कोणते उद्यावर टाकायचे, एवढी निवड प्रत्येकाच्या टेबलावर रोज येते. ती निवड कोणी तपासत नाही. लेखापरीक्षणातही ती सापडत नाही.

दिवाळी उलटल्यावर मी भाच्याला हे सारे सांगितले. त्याला वाटले, मी त्याच्या संशोधनाला नावे ठेवतो आहे. मी म्हटले, "नाही रे. तू तुझ्या यीस्टला शिकव. मी एक जुने पत्र लिहायचे राहिले आहे तेवढे लिहितो." ज्या कार्यालयातून मी बदलून आलो तेथे आता माझ्या जागी दुसरा गृहस्थ आहे. ओळखीचा नाही. तरी त्याला मी पत्र पाठवले. कपाट कोणते, फाइल कशाची आणि काय विचारायचे राहून गेले, ते सगळे लिहिले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

यंदाचा तांदूळ कालच भिजत घातला आहे. एकदा सासुरवाडीची पाहुणी मंडळी लवकर यायची होती म्हणून आमच्या घरी दीड दिवसातच तांदूळ उपसला होता. पीठ गुळात मळले, खसखशीवर थापले, तुपात सोडले. पण त्या अनारशांना जाळी म्हणून पडली नाही. दगडासारखे झाले. तेव्हापासून घरात नियम आहे: पाहुणे थांबतील, तांदूळ तीन दिवस भिजेल. आज सकाळी मी पाणी बदलले. खिडकी बंदच ठेवावी लागली.